टाकीच्या डावीकडं

“दिसली, आई. टाकीच्या डावीकडं. अगदी बारीक आहे.”

सून हे फार पटकन म्हणाली. सासूबाईंनी गच्चीच्या कठड्याला धरून मान त्या बाजूला वळवली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. शेजारची पाण्याची टाकीसुद्धा दिसत नव्हती, मग अमावास्येनंतरची पहिली कोर कुठून दिसणार? नाकाला मात्र ओल लागत होती. सकाळी वाळत घातलेले कपडे अजून दमट होते.

“टोकं कुठल्या बाजूला आहेत?”

“वर. जराशी डावीकडं.”

“दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना अक्षरं वाचायला लावतेस. मलाही नीट वाचून दाखव हो.”

“नीटच सांगतेय. दशी वाहा आणि चला खाली. साखरेची गोळी घ्यायचीय तुम्हाला.”

सासूबाईंनी पदराच्या कडेचा एक दोरा उपसला, अंदाजानं आभाळाकडे उडवला. “जुनं घे, नवं दे,” म्हणाल्या. हात जोडले. मन काही जोडलं गेलं नाही.

अडतीस वर्षांचा नेम होता. मुलगा सातव्या महिन्यात जन्मला, तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले होते. त्या संध्याकाळी दवाखान्याच्या खिडकीतून कोर दिसली आणि त्या बोलून गेल्या, “हा जगू दे. दर महिन्याला तुला बघितल्याशिवाय घास घेणार नाही.” मुलगा जगला. आता तो बोटीवर इंजिनं सांभाळत होता, भर समुद्रात. ढग आले तर उपास दुसऱ्या दिवसावर जायचा, पण नेम कधी चुकला नव्हता. डोळे अधू झाल्यापासून सून बघून सांगायची, तेच आपलं बघणं मानायच्या. पाच महिन्यांपूर्वी असाच उपास लांबला आणि त्या न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या. सुनेनंच उचललं. तेव्हापासून कोर दर महिन्याला पहिल्याच संध्याकाळी दिसू लागली होती. तीही ऐन पावसाळ्यात!

खाली आल्यावर एकच ताट वाजलं.

“तुझं पान?”

“मी दुकानातच खाल्लं, आई.”

मागच्या महिन्यातही हेच उत्तर होतं. सासूबाई जेवल्या, पण कान सुनेच्या मागे लावून. भांडी घासल्याचा आवाज आला. दार लावल्याचा आला. पेला भरल्याचा मात्र नाही. संशयाला पाय नसतात, पण घरभर तोच आधी फिरून येतो. म्हणजे मला देवाच्या नावानं फसवायचं, आणि स्वतः बाहेर चरून यायचं? कपड्यांच्या घड्या घालताना सुनेच्या ओढणीची कड हाताला लागली. चार-पाच दोरे निघालेले. कुठं अडकवून घेते ही ओढणी? कुठं जाते?

सकाळी जिन्यात खालचे मास्तर भेटले.

“मास्तर, काल कोर बघितलीत?”

“कसली कोर, वहिनी? दुपारपासून आभाळ नुसतं घोंगडी पांघरून बसलं होतं.”

सासूबाई जिन्यातच खाली बसल्या. म्हणजे रात्रीचा घास कोर न दिसताच घेतला होता. पोर समुद्रावर, आणि इथं त्याच्या बायकोनंच नेम मोडवला. दिवसभर त्यांच्या मनात तेवढंच घोळत राहिलं. संध्याकाळी सून दुकानातून आली, पाण्याची बाटली उचलली आणि म्हणाली, “जरा गच्चीवर जाऊन येते.”

बाटली कशाला? आणि काल होतीच की गच्चीवर.

त्या मागोमाग निघाल्या. कठडा चाचपत, एकेक पायरी. अठरा पायऱ्या. वरच्या दारात थबकल्या. वारा कोरडा होता. आभाळ मोकळं झालं असावं. बोलण्याचा आवाज नव्हता. टर्र करून दोरा उपसल्याचा आवाज आला. मग बाटलीचं झाकण उघडलं, आणि कितीतरी वेळ नुसते घटाघट घोट. दोन दिवसांच्या तहानेचे घोट.

“काल खोटं बोललीस,” सासूबाई म्हणाल्या.

बाटली थांबली. “हो.”

“अडतीस वर्षांचा नेम मोडलास माझा.”

“मोडला नाही, आई.” सुनेचा आवाज ओला होता, पाण्यानं की कशानं कोण जाणे. “तुमच्या नावचा उपास मी धरला होता. काल सकाळपासून. कोर आत्ता दिसली, आत्ता पाणी प्यायले. पाच महिन्यांत तीनदा ढग आले, तीनही वेळा असंच केलं. त्यांच्यासाठी मागितलेलं आहे ना ते? मग मी मोडेन होय?”

हात पुढं करून सासूबाईंनी ओढणीची कड शोधली. दोरे निघालेल्या जागेवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “चल खाली. भुकेनं तुझी मती गेलीय.”

पुढच्या महिन्यात पुन्हा तीच गच्ची. खोटं बोलायची आता सोय नव्हती आणि खरं बोलायला सुनेची जीभ वळत नव्हती. सासूबाईंच्या मनगटावर एक थेंब पडला. मग दुसरा, चांगला टपोरा. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि टाकीच्या डावीकडे बोट केलं.

“दिसली गं!”

“आई...”

“काय आई? अगदी बारीक आहे. टोकं वर, जराशी डावीकडं. दशी वाहा आणि चल, पानं घे. दोन घे. आणि सकाळी मास्तरांनी विचारलंच तर सांग त्यांना, आमच्या गच्चीवरून दिसते.”