आखूड तार

हँडलची डावी मूठ चांगली तापली होती, उजवी गारढोण. रेयोने हातमोजा काढून दोन्हींना हात लावला आणि गंभीरपणे मान हलवली. आतून त्याला बरंच वाटत होतं, पण ते त्याने हिल्काला दिसू दिलं नाही.

"पुन्हा उजवीच," हिल्का कंदील वर धरत म्हणाली. "काय पाप केलंय हिने कोण जाणे."

तिची बर्फावर चालणारी स्कूटर सरपणाच्या खोपटात उभी होती. गोठलेल्या तळ्यात, बर्फाखाली, हिल्का मासळीची जाळी लावायची आणि याच स्कूटरवरून ती काढायला जायची. ओली जाळी ओढून परत येताना मुठी गरम नसल्या, तर बोटं कामातून गेलीच म्हणायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलं दूर दक्षिणेला. रेयोची बायकोही गेलेली. दोघं एका शाळेतली, म्हणून बोलणं अरे-तुरेचं.

रेयो गावचा मेकॅनिक. त्याच्या हातून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत आली, असं आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही. फक्त हिल्काची उजवी मूठ तेवढी महिनाभर धड चालत नसे. त्याचं कारण रेयोला पक्कं ठाऊक होतं. मुठीतून निघणारी तार कथलाने सोल्डर करायची सोडून तो नुसती दोन टोकं पिळायचा आणि वर टेप गुंडाळायचा. स्कूटर चार ठिकाणी आपटली की सांधा सुटलाच. मग हिल्काचा फोन, मग रेयो हजर, मग स्वयंपाकघरात कॉफी आणि कॉफीत बुडवलेले चीजचे तुकडे. गप्पा बहुतेक त्याच्या मानेच्या. स्वतःची उशी सोडून दुसरीवर मान अवघडते, म्हणून हा गृहस्थ मुलीकडेसुद्धा मुक्कामाला जात नाही, हे हिल्काला तोंडपाठ झालं होतं.

लबाडीच ती. पण ‘तुझ्याकडे येऊन बसावंसं वाटतं’ एवढं सरळ म्हणायला त्याची जीभ रेटत नव्हती.

आज मात्र हिल्काने लाकडांवरून एक खोकं उचलून त्याच्या हातात दिलं.

"नव्या मुठी आणल्यात. तारेसकट. एकदाचं कायमचं मिटव बाबा. दर वेळी तुला तरी किती पळवायचं?"

नवी मूठ, नवी तार, कारखान्यातून बसवून आलेला जोड. ती बिघडायची कशाला? म्हणजे कॉफीही मिटली.

"नव्या कशाला लगेच?" तो म्हणाला. "आधी बघू तर दे."

मग त्याने जमेल तितका वेळ काढला. फ्यूज पाहिला, ठीक होता. स्विच पाहिला, ठीक होता. मूठ मीटरला लावली, तर आतली तापणारी तारही धडधाकट.

"मूठ उत्तम आहे गं. सांधा तेवढा सुटलाय. खोकं परत कर दुकानात."

"मग जोड की."

रेयोने पकडीने दोन्ही टोकं जवळ आणली. ती एकमेकांना पोचेनात. हँडल सरळ असताना कशीबशी टेकायची, वळवलं की मध्ये बोटभर फट. त्याला आठवलं, पहिल्यांदा हात घातला तेव्हा इथे तारेचं चांगलं वेटोळं होतं. त्याने कंदील जवळ ओढला. टोक झिजून तुटलेलं नव्हतं, कापलेलं होतं. आणि त्याच्या कडेला कथलाचा एक चकचकीत थेंब चिकटला होता.

या खोपटात रेयोने कधी कथील आणलंच नव्हतं.

त्याचा चेहरा उतरला. म्हणजे दुसरं कुणीतरी येतं. येऊन नीट काम करून जातं आणि कॉफीही पीत असणार. पलीकडच्या काठावर राहणारा ओन्नी त्याच्या डोळ्यांपुढे आला. त्याच्या मिशा तर आधी आल्या.

"हे सोल्डर कुणी केलं?"

"का, वाईट झालंय?"

"नाही," रेयोला खरं बोलावं लागलं. "माझ्यापेक्षा बरं झालंय. ओन्नीने का?"

"ओन्नीला स्वतःची चूल पेटवता येत नाही." हिल्काने फळीवरच्या दोरखंडामागे हात घालून सोल्डर करायची जुनी कांडी काढली आणि त्याच्यासमोर धरली. "लग्नाआधी मी ओउलू शहरात रेडिओच्या कारखान्यात होते, ती काय केर काढायला? तुझा सांधा तळ्यापर्यंतसुद्धा टिकत नाही, रेयो. मला जाळी काढायची असतात. तू वळलास की मी तो पक्का करून घेते."

रेयोचे कान लाल झाले. चोरी पकडली गेली होती, तीही इतक्या वर्षांची. पण त्याच्यातला मेकॅनिक गप्प बसेना.

"तू पक्का करतेस, तर मग दर वेळी बिघडतो कसा?"

आता हिल्काने तोंड फिरवलं आणि उगाच लाकडं नीट रचायला घेतली.

"कापते," ती म्हणाली. "कॉफीला माणूस हवंसं वाटलं की कापते, सांध्यासकट. दर वेळी तार आखूड होत गेली. आता कापायला उरलीच नाही, म्हणून नव्या आणल्या."

रेयोला इतका आनंद झाला होता की काय करावं ते सुचेना. शेवटी त्याने खोकं उघडलं, नव्या मुठीची तार उलगडली आणि हातात धरून पाहिली.

"लांब आहे की चांगली," तो पुटपुटला. "कापून कापून कितीतरी वर्षं पुरेल."

हिल्काने त्याच्या हातातली पक्कड काढून घेतली.

"तार पुरेल रे, आपण नाही पुरणार. ही मूठ पक्की बसव, आणि घरी जाऊन तुझी ती उशी घेऊन ये."