दोनदा मोजलं

चाचणीच्या फाइलचं नाव बदललं ते अगदी सहज. जुनी नोंद पुसली जाऊ नये म्हणून तिनं नावापुढे 'नवी' असं लिहिलं आणि चाचणी पुन्हा चालू केली. मीटरवरचा आकडा अडतीसवरून थेट एक्क्याण्णव मिलिवॅटवर गेला.

मनगटी घड्याळासाठी केलेली ती इवलीशी चिप. पडद्यावर चित्रं काढायची आणि बॅटरीला जेमतेम तोंड लावायचं, एवढंच चिपचं काम. ती किती वीज खाते हे मोजणं, हे या बाईचं.

तिनं वायरी तपासल्या, मीटर बदलला. जुनं नाव दिलं, अडतीस. नवं नाव दिलं, एक्क्याण्णव. मग भिंगातून पडदा पाहिला. जुन्या नावाला निम्मीच चित्रं उमटत होती. चिपचं सॉफ्टवेअर चाचणीला नावानं ओळखत होतं. ओळख पटली की हात आखडता घ्यायचं.

सॉफ्टवेअर तिच्या वरिष्ठांनी, सरांनी लिहिलेलं. सहा वर्षांपूर्वी मीटर जोडायचा कसा, इथपासून तिला शिकवलं तेही सरांनीच. "आकडा आवडला नाही तर तोंड वाकडं कर, आकडा वाकडा करू नकोस," हे त्यांचंच बोलणं.

ती त्यांच्या टेबलाशी गेली. "सर, चिप चाचणी ओळखतेय."

सर चष्मा पुसत होते, पुसतच राहिले. "कळलं का शेवटी?"

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"तू सोडून सगळ्यांना."

"मग मोजायला मलाच का बसवलंत?"

"अगं, घड्याळवाले विचारणार ते तुलाच. तुझ्या शब्दावर विश्वास आहे त्यांचा. आणि तुला खोटं बोलता येत नाही, लगेच चेहऱ्यावर दिसतं. म्हणून सांगितलं नाही." त्यांनी आवाज मऊ केला. "अकराला येतील. आता एवढं निभावून ने, बाळ."

अकरा वाजता बैठकीच्या खोलीत सगळे होते. घड्याळ कंपनीच्या बाईंनी अहवाल चाळला आणि सरळ तिच्याकडे पाहिलं. "अडतीस? तुम्ही स्वतः मोजलंत?"

"हो." तिनं सोबत आणलेला मीटर पुढे ओढला. "दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा एक्क्याण्णव आलं. का आलं, ते दाखवते."

दाखवायला चार मिनिटं पुरली. बाईंनी अहवाल मिटला आणि टेबलावरच ठेवला. पाहुणे निघून गेले.

सर उठले, तिच्यासमोर येऊन थांबले. "पोटच्या पोरीसारखं शिकवलं तुला. आणि तू केसानं गळा कापलास?"

सर दाराकडे वळले तशी ती सवयीनं पुढे झाली आणि तिनं दार उघडून धरलं. तिच्याकडे न बघता ते बाहेर पडले. त्यांच्यामागून बाकीचे, एकेक करून, खाली मान घालून.

शेवटचा माणूस गेला तरी ती दार धरून उभी होती.