लुगड्याची पट्टी

"पाळणे चाकावर असते तर अख्खा क्लेम पास झाला असता," विमा कंपनीचा सर्व्हेअर सिद्धार्थ म्हणाला. "तुम्ही ते खाली उतरवलेत, तिथेच घोळ झाला."

रखमाबाईंनी चहाचा ग्लास बाकावर ठेवला. "म्हणजे वादळ येतंय असं दिसल्यावरही मी ते वर लोंबकळत ठेवायचे होते?"

"मी नाही म्हणत, काकी. पॉलिसी म्हणते. विमा चाकावर बसवलेल्या पाळण्यांचा आहे, जमिनीवर ठेवलेल्यांचा नाही."

शिवडीच्या गोदामांमागे रखमाबाईंची आनंदनगरी होती. एक आकाशपाळणा, एक छोटी आगगाडी, पोरांचे घोडे. तीन दिवसांपूर्वीच्या वादळात गोदामाचे पत्रे उडाले आणि नेमके उतरवून ठेवलेल्या पाळण्यांवर येऊन पडले. सोळातले बारा चेपले. चाकाला ओरखडाही नव्हता. आता ते मैदानात उघडंबोडकं उभं होतं.

"शिवाय," सिद्धार्थने फाइल उलटली, "तुमच्याच नोंदवहीत आहे, तुम्ही चाक थांबवलंत तेव्हा मीटरवर वारा ताशी सव्वीस किलोमीटर होता. थांबवायचा नियम चाळीसला आहे. सव्वीसला का थांबवलं, हे वरचे विचारतील."

रखमाबाईंनी चाकाशेजारच्या बांबूकडे हात केला. बांबू चाकाएवढा उंच, शेंड्याला लाल लुगड्याची पट्टी. अर्धी वादळाने नेली होती, अर्धी तग धरून होती.

"ती आडवी झाली."

"पट्टी?"

"आडवी झाली की माणसं उतरवायची. आडवीच राहिली की पाळणे उतरवायचे. माझ्या सासऱ्यांपासून असंच चालत आलंय. तुमचा मीटर कुठे आहे आता?"

मीटर तिकीटघराच्या छपरावरून पहिल्याच झोताबरोबर गेला होता, तो कुणाला सापडला नव्हता. चाक चालवणारा म्हातारा बुधाजी खोकल्याचं निमित्त करून पलीकडे वळला.

सिद्धार्थही कसनुसं हसला. पोरगा वाईट नव्हता. त्याने फॉर्म पुढे सरकवला. "एक मार्ग आहे. इथे लिहा, पाळणे चाकावर होते, वाऱ्याने खाली पडले. फोटोत ते खालीच दिसतात. पुढचं मी बघतो."

बाकीचा फॉर्म सून दर्शनाने भरून ठेवला होता. 'नुकसानीच्या वेळी पाळणे कुठे होते', एवढा एक रकाना मालकाने स्वतःच्या हाताने लिहायचा होता.

"लिहा ना, आई," दर्शना म्हणाली. "गणपतीपर्यंत नवे पाळणे आले नाहीत तर हंगाम गेला. ही सगळी माणसं घरी बसतील, बुधाजीकाकांसकट."

रखमाबाईंनी पेन घेतलं. दुसरीनंतर त्यांच्या हातात पेन आलं ते सहीपुरतंच. त्यांनी रकान्यावर बोट ठेवलं.

"तेव्हा चाकावर माणसं किती होती, ते कुठे लिहायचं?"

"तो रकाना नाही, काकी."

"तीसेक होती. एक बाई काखेत पोर घेऊन बसलेली. फेरे पुरे झाले नाहीत म्हणून उतरेना, मलाच चोर म्हणाली. दंडाला धरून खाली काढली तिला. आणि आता मी लिहू, पाळणे वरच ठेवले होते म्हणून?"

"हे तुम्हाला माहीत आहे. कंपनीला कुठे माहीत आहे?"

"लालबागेतनं बाया पोरं घेऊन येतात आणि माझ्या चाकात बसवतात, त्या काय तुझ्या कंपनीला विचारून बसवतात रे?"

त्या वाकल्या आणि लिहू लागल्या. 'खा' एवढा मोठा झाला की 'ली' रकान्याबाहेर गेली. त्याखाली, छापील ओळींवरून तसंच पुढे, त्यांनी लिहिलं, 'मी उतरवले'. मग सही केली.

दर्शनाने कागदाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. "आता चाकावर काय चढवणार?"

"धड किती आहेत?"

"चार," बुधाजी म्हणाला.

"चारी बाजूंना चार चढव."

"चार पाळण्यांसाठी कोण येणार, आई?"

"येतील. रांग जरा मोठी दिसेल, एवढंच गो."

दुपारपर्यंत चारही पाळणे चढले. दुरुस्तीनंतरचा पहिला फेरा मालकाचा, हाही सासऱ्यांचाच नियम. रखमाबाईंनी घरून आणवलेल्या जुन्या लुगड्याची एक लांब पट्टी टरकावली, खांद्यावर टाकली आणि पाळण्यात बसल्या. समोरच्या पाळण्यात दर्शना येऊन बसली. तोंड अजून फुगलेलंच होतं.

"तोल राहायला," ती म्हणाली.

बुधाजीने चाक सोडलं. रखमाबाई वर पोचल्यावर त्याने ते अलगद थांबवलं. तिथून बांबूचा शेंडा हाताच्या अंतरावर होता. त्यांनी फाटकी पट्टी सोडली आणि नवी बांधायला घेतली.

खाली सिद्धार्थ हेल्मेट हातात घेऊन उभा होता. "काकी, कागद अजून माझ्याकडेच आहे," त्याने वर तोंड करून सांगितलं. "संध्याकाळी पाठवणार आहे. विचार बदलला तर फोन करा."

रखमाबाईंच्या दातात पट्टीचं टोक होतं. त्यांनी गाठ आवळली, दोनदा ओढून पाहिली. खाडीकडून वारा आला. पट्टी उचलली गेली, जरा थरथरली आणि पुन्हा सरळ खाली लोंबली. ती स्थिर होईपर्यंत त्या बघत राहिल्या.

"बुधाजी," त्या म्हणाल्या, "फिरव."