दहाव्याचा कावळा

कावळा समोरच सुरूच्या शेंड्यावर बसला होता, पण खाली उतरायचं नाव घेत नव्हता. भाताचा पिंड उन्हात वाळायला लागला.

घोलवडच्या किनाऱ्यावर गोविंदरावांचा दहावा चालला होता. माणूस जन्मभर पाखरांच्या मागे हिंडला आणि शेवटी एक साधा कावळा त्याला दाद देईना. अंबूबाईंना नवऱ्याची कीव आली, आणि थोडं हसूही.

काहीतरी इच्छा राहिली असणार, असं सगळ्यांनी ठरवलं. देवेश हात जोडून पुढे झाला. "बाबा, वाडी विकणार नाही. चिकूचं एक झाड तोडणार नाही." कावळ्याने मान फिरवली. लेक मयूरीने आईला सांभाळायचा शब्द दिला. कावळ्याने फांदीवर चोच घासली. धाकट्या दिरांनी तर दादाची दुर्बीण देव्हाऱ्यात ठेवतो म्हणून सांगून टाकलं. कावळा ढिम्म.

"मागे सरा, बोलू नका, हलू नका. बुजतोय तो," गुरुजी म्हणाले. सगळे वाळूत बसले. बराच वेळ गेला. शेवटी गुरुजींनी दर्भ उचलला. "काकू, दर्भाचा कावळा करून शिववू. शास्त्राला चालतं."

अंबूबाईंनी वळून आपल्या माणसांकडे पाहिलं. मुलगा, सून, लेक, जावई, दीर. सगळे तोंड मिटून, माना वर करून झाडाकडे बघत होते. कुणाच्या हातात फोनसुद्धा नव्हता.

दर रविवारी पहाटे गोविंदराव दारात उभे राहून विचारायचे, "येतंय का कोणी? उधव्याच्या रानात जाऊ. बोलायचं नाही, नुसतं बसून झाडाकडे बघायचं." कुणाला चिकूची तोड असायची, कुणाला झोप, अंबूबाईंना स्वयंपाक. ते एकटेच जायचे. दुपारी येऊन हळद्या दिसला, नवरंग दिसला, असं भिंतीला सांगावं तसं सांगायचे. भरल्या घरात किती एकटा होता हा माणूस! आणि आता तो एकटेपणा अंबूबाईंच्याच वाट्याला आला होता.

गुरुजी दर्भाला गाठ मारू लागले.

"ठेवा तो खाली, गुरुजी," अंबूबाई हळूच म्हणाल्या. "ह्यांची इच्छा आत्ता कुठे पुरी होतेय. थोडा वेळ बसू दे सगळ्यांना."