अकरा वाव

कड्यावर एकेचाळीस चढाईमार्ग होते आणि खडकात ठोकलेले दोनशे सात बोल्ट. कड्याच्या माहितीपुस्तिकेसाठी शाल्मलीने चाळीस मार्ग टेपने मोजले होते. उरला फक्त विश्वासकाकांचा.

“वीस मीटर लिही,” काका म्हणाले. “पहिल्यांदा मीच चढलो, दोरी मीच मोजली. अकरा वाव. हात पसरले की एक वाव, म्हणजे सहा फूट.”

“काका, तुम्ही एवढे उंच, आणि तुमचे हात सहाच फूट?”

“तीस वर्षांत कोणी पडलं नाही.”

“तुमच्याकडे साठ मीटरची दोरी असायची. वीस छापलं, तर दोरी वर जाऊन परत खाली येते, म्हणून नवखे दुप्पट, चाळीसची आणतील. उतरवताना ती जमिनीआधीच संपली तर?”

काकांनी तिची दोरी धरली. सोललेल्या बोटांना पट्टी चिकटवून ती कड्याला भिडली.

माथ्यावरून तिने टेप सोडली. काकांनी टोक पायाखाली दाबलं, वही उघडली आणि तिने सांगितलेला आकडा लिहिला: एकवीस मीटर, ऐंशी सेंटिमीटर.