बसमधली दिल्ली

दिल्ली दर्शनाच्या बसमधून हरेश्वर प्रत्येक ठिकाणी उतरला. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून त्याची बायको बायजा मात्र दिवसभर बसमध्येच, ड्रायव्हर बलबीरशी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत बसून राहिली.

वसईला परतल्यावर हरेश्वर येईल त्याला फोटो दाखवायचा आणि वर सांगायचा, "हिनं दिल्लीचा नुसता पार्किंग बघितला." बायजाला ते लागायचं, पण ती चहा ठेवायला उठायची.

तीन महिन्यांनी बायजाच्या नावाने दिल्लीहून पाकीट आलं. आत बलबीरच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका होती.

"हा कोन बलबीर?" हरेश्वरने पत्रिका उलटसुलट करून विचारलं.



"तुमाला पन यायचा असंल तं चला," बायजा म्हणाली. "वलख करून देते."