पाठीच्या आत

दातांच्या डॉक्टर बाईंनी फोन टेबलावर ठेवला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. पांढऱ्या चादरीवर एका म्हाताऱ्या माणसाचा हात आणि तो हात तळव्यांत धरलेले दुसरे दोन हात. खाली लिहिलं होतं : ‘या हाताने मला वही शिवायला शिकवलं. शेवटपर्यंत मी तो सोडला नाही.’

“हे वाचलं आणि ठरवून टाकलं,” त्या म्हणाल्या. “शहरात बाइंडर पन्नास असतील. हे काम मात्र तुमच्याकडेच.”

समोर बसलेली ती बाइंडर टेबलावर वाळलेली खळ नखाने खरवडत राहिली. दोन वर्षं ती फोनवर आपल्या कामाचे फोटो टाकत होती. शिवण, पुठ्ठे, दुरुस्तीआधीचं पुस्तक, दुरुस्तीनंतरचं पुस्तक. वीस-पंचवीस अंगठे यायचे, त्यातले निम्मे नात्यातले. “लोक काम बघत नाहीत गं, माणूस बघतात,” मामेबहीण सांगून थकली होती. वडील गेल्यावर आठव्या दिवशी तिने हा फोटो टाकला. तेव्हापासून कामाला तोटा नव्हता.

डॉक्टरांनी पिशवीतून एक जाडजूड रजिस्टर काढलं. पाठीचं कापड सुटून लोंबत होतं.

“आमच्या बाबांचं. रोजचं हवेचं तापमान लिहायचे, सकाळचं आणि दुपारचं. एकतीस वर्षं. कुणी सांगितलं नव्हतं हो. आई म्हणायची, माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता कधी, तर धन्य झाले असते!” त्या हसल्या. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे भरले. “ते गेले तेव्हा मी विमानात होते. तीन तास उशीर झाला. म्हणून म्हटलं, जी शेवटी वडिलांपाशी होती तिच्याच हातात द्यावं.”

सांगायचं तर आत्ताच. तिने तोंड उघडलंही. पण डॉक्टरांनी तिचा हात ओढून आपल्या हातात घेतला होता.

“दिवसभर लोकांच्या तोंडात बघते मी, पण माणूस मला कळतो तो हातावरून.” त्यांनी तिचा अंगठा उलटा केला. सुईचे टोचे, दोरा ओढून पडलेला घट्टा. “फोटोत केवढे मऊ दिसतात!”

“उजेड चांगला होता,” ती म्हणाली.

दारात तिची आई चहाचे कप घेऊन उभी होती. तिने कप टेबलावर ठेवले, डॉक्टरांची विचारपूस केली, त्यांना दारापर्यंत पोचवून आली. मग समोरच्या खुर्चीत बसली.

“फोन दोन्ही हातांत होता तुझ्या,” आई म्हणाली. “मी पलीकडेच बसले होते. हे आणखी दोन हात कधी फुटले तुला?”

“आई…”

“ती नर्स शीर शोधत होती. म्हणाली, ताई, हात गार पडलाय, जरा चोळता का? तू म्हणालीस, एक मिनिट.”

“हो.”

“हे तुझ्याकडेच बघत होते.”

आईने कप उचलले. डॉक्टरांचा चहा तसाच राहिला होता, त्यावर साय धरली होती.

ती रजिस्टर घेऊन बसली. पाठीचं जुनं कापड हलक्या हाताने सोडवलं. आतल्या कागदावर पेन्सिलीने, कुणा जुन्या बाइंडरच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘दोरा संपला. शेवटचे दोन फर्मे एकेरी शिवले आहेत.’ नाव नव्हतं. नसतंच. वडीलही असंच लिहायचे. “झाकायच्या आधी कबूल करायचं,” ते म्हणायचे. “गिऱ्हाइकाला चूक दिसणार नाही. पुढच्या बाइंडरला तरी सापडू दे, कुठं कच्चं आहे ते.”

तिने दोऱ्याला मेण लावलं आणि पानांच्या घड्यांचे ते शेवटचे दोन फर्मे पुन्हा शिवले, दुहेरी. ओढून पाहिले. आता रजिस्टरमध्ये कच्चं असं काही उरलं नव्हतं.

तरीही तिने पेन्सिल घेतली. जुन्या ओळीखाली लिहिलं : ‘फोटोतले हात नर्सचे आहेत. मी फोटो काढत होते.’

खळ लावली. नवं कापड चढवलं. खळ धरेपर्यंत पाठ दाबून ठेवावी लागते. त्यासाठी वडिलांचा लोखंडी दाब कोपऱ्यात होता. ती उठली नाही. रजिस्टर मांडीवर घेऊन तिने पाठ दोन्ही तळव्यांत धरली. कापड ओलं होतं, गार होतं. हळूहळू तळव्यांखाली ते कोमट झालं.

टेबलावर फोन वाजायला लागला. थांबला, पुन्हा वाजला.

“अगं, फोन वाजतोय,” आई आतून म्हणाली. “नवीन काम असेल.”

तिला उचलता आला नाही. तिचे दोन्ही हात गुंतले होते.